वडिलांचे पंपिंग ३२, ४५ की ३९? हृदयाच्या एमआरआयमधला आकडा कसा वाचावा

डोंबिवलीहून आलेला आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपल्या वडिलांचे वय ६३ आहे. पाच महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला आणि हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या एलएडी या धमनीत स्टेंट बसवावा लागला. चौथ्या दिवशी घरी सोडताना केलेल्या एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३५ टक्के होते. तिसऱ्या महिन्यात घराजवळच्या केंद्रात ते ४५ आले, त्यानंतर पंधरा दिवसांनी मूळ रुग्णालयात ३२ आले आणि आयसीडी, म्हणजे धोकादायक लय सुरू झाल्यास झटका देऊन ती थांबवणारे छातीतले उपकरण, बसवण्याची चर्चा सुरू झाली. मग डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय सांगितला, त्यात ३९ आले. यातला खरा आकडा कोणता, बाकीच्यांनी चुका केल्या का, आणि एवढा खर्च करून मिळालेला ३९ तरी अंतिम धरायचा का, असे आपण विचारले आहे.

मी मुंबईत रेडिओलॉजिस्ट आहे आणि गेली सतरा वर्षे माझ्या कामाचा मोठा भाग हृदयाच्या एमआरआयचा आहे. आपल्या वडिलांची चित्रे मी पाहिलेली नाहीत, फक्त आपण उतरवून दिलेला रिपोर्ट वाचला आहे. त्यामुळे उपचाराचा निर्णय त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचाच राहील. परंतु हे चार आकडे कसे तयार होतात आणि त्यांच्यावर किती भार टाकता येतो, हे मी सांगू शकते. आपली खरी अडचण मला अशी दिसते की चार वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या पद्धतींनी घेतलेली मोजमापे आपल्यासमोर एकाच नावाने आली आहेत, आणि त्यांची तुलना आयसीडीच्या निर्णयासाठी वापरल्या जाणाऱ्या ३५ या एका सीमारेषेशी केली जात आहे. पद्धत बाजूला ठेवली की हे आकडे एकमेकांशी भांडल्यासारखे दिसतात.

आपण ज्याला पंपिंग म्हणतो ते इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे एक गुणोत्तर आहे. हृदयाचा डावा खालचा कप्पा पूर्ण भरलेला असताना त्यात किती रक्त होते आणि आकुंचनानंतर किती उरले, ही दोन आकारमाने मोजायची. दोहोंतला फरक म्हणजे एका ठोक्याला बाहेर फेकलेले रक्त. आणि त्या फरकाला भरलेल्या आकारमानाने भागायचे. आपल्या रिपोर्टमध्ये भरलेले आकारमान १९६ मिली आणि उरलेले १२० मिली आहे. म्हणजे ठोक्याला ७६ मिली रक्त बाहेर पडते, आणि ७६ भागिले १९६ म्हणजे ३९ टक्के. रिपोर्ट हातात आला की मी टक्केवारीच्या आधी ही आकारमाने वाचते. ११० मिलीच्या लहान कप्प्याचे पंपिंग ३९ असेल तर तो ठोक्याला जेमतेम ४३ मिली रक्त देतो. १९६ मिलीचा कप्पा त्याच ३९ टक्क्यांत ७६ मिली देतो. झटक्यानंतर मेलेल्या स्नायूची भरपाई करण्यासाठी हृदय हळूहळू मोठे होते, आणि ती वाढ टक्केवारीत नीट दिसत नाही. वडिलांची उंची १६५ सेंटीमीटर आणि वजन ६६ किलो आपण दिले आहे. त्यावरून शरीराचे पृष्ठफळ सुमारे १.७४ चौरस मीटर येते आणि भरलेले आकारमान दर चौरस मीटरला ११३ मिली होते. प्रकाशित संदर्भमूल्यांत पुरुषांची वरची मर्यादा साधारण १०० ते ११० च्या दरम्यान येते. ही मूल्ये बहुतांशी युरोपीय आणि अमेरिकी लोकांवरून घेतलेली आहेत, हे लक्षात ठेवूनही कप्पा थोडा मोठा झाला आहे असे म्हणता येते. माझ्या मते हा ११३ चा आकडा आपण ३९ इतकाच जपून ठेवावा, कारण पुढच्या वर्षी हृदय आटोक्यात आहे की पसरते आहे, हे त्यावरूनच आधी कळेल.

आता एकोच्या आकड्यांकडे वळू. पहिला ३५ हा त्या दिवसापुरता पूर्णपणे खरा असू शकतो. धमनी बंद पडून पुन्हा उघडली की जिवंत राहिलेला स्नायूही काही दिवस ते काही आठवडे सुन्न अवस्थेत असतो. तो मेलेला नसतो, पण आकुंचन पावत नाही. म्हणूनच चौथ्या दिवसाच्या पंपिंगवरून कोणी दूरगामी निर्णय घेत नाही.

घराजवळच्या केंद्रातला ४५ कसा आला असावा याबद्दल मला एक दाट शंका आहे, आणि ती आपण स्वतः तपासू शकता. त्या रिपोर्टमध्ये पंपिंगच्या शेजारी ‘एम-मोड’ किंवा ‘टाइकहोल्झ’ असा शब्द छापला आहे का, ते पाहा. या पद्धतीत डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेच्या (मायट्रल झडपेच्या) थोडे खाली कप्प्याची रुंदी एका रेषेवर मोजतात आणि त्या एका लांबीवरून सूत्राने संपूर्ण कप्प्याचे आकारमान काढतात. सगळ्या भिंती सारख्या हलत असतील तर हे चालून जाते. एलएडीच्या झटक्यात मात्र इजा मुख्यतः पुढच्या भिंतीला आणि हृदयाच्या टोकाला होते, तर झडपेकडचा भाग चांगला, कधीकधी भरपाई म्हणून जास्तच जोराने हलत असतो. मोजमापाची रेषा नेमकी त्या चांगल्या भागातून जाते, टोकाकडे काय झाले आहे ते तिला कळत नाही, आणि यंत्र ४५ किंवा ५० असा दिलासा देणारा आकडा छापते. अशा रुग्णात हा आकडा वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

रुग्णालयातला ३२ दोन प्रकारे आलेला असू शकतो. एक म्हणजे अनुभवी डॉक्टरांनी हालचाल पाहून नजरेने ‘३० ते ३५’ असा अंदाज दिला असेल. दुसरे म्हणजे टोकाकडून घेतलेल्या दोन चित्रांत कप्प्याची कड आखून, त्याच्या चकत्या कल्पून आकारमान काढले असेल. ही दुसरी पद्धत एकोमध्ये अधिक योग्य मानली जाते, पण दोन चित्रांच्या मधला आकार तिथेही गृहीतच धरलेला असतो. बरगड्यांच्या फटीतून आणि फुप्फुसाच्या कडेने ध्वनिलहरी पाठवताना हृदयाचे खरे टोक बऱ्याचदा चित्रात येत नाही, कप्पा आखूड दिसतो आणि कडही पुसट असते. एको करणाऱ्यांचा यात दोष आहे असे कृपया समजू नका. ती तपासणी खाटेशेजारी वीस मिनिटांत होते, झडपा आणि दाब यांची माहिती देते, आणि कोणत्याही रुग्णाची सुरुवात मी एकोनेच करायला सांगेन. तिच्या पंपिंगच्या आकड्यात दोन वेळांमध्ये दहा अंकांपर्यंत फरक निव्वळ मोजमापामुळे पडू शकतो, एवढेच ध्यानात ठेवायचे.

एमआरआयमध्ये आकार गृहीत धरावा लागत नाही, हे त्याचे बळ आहे. झडपेपासून टोकापर्यंत डाव्या कप्प्याचे आडवे काप घेतले जातात. माझ्याकडे प्रत्येक काप ८ मिलिमीटर जाडीचा आणि दोन कापांमध्ये २ मिलिमीटर जागा, म्हणजे सेंटीमीटरला एक, असे साधारण दहा काप होतात. प्रत्येक कापात स्नायू आणि रक्त यांच्या मधली आतली कड आखायची, तिचे क्षेत्रफळ काढायचे, एक सेंटीमीटरने गुणायचे आणि सगळ्या कापांची बेरीज करायची. टोक आखूड झाले, पुढची भिंत फुगली किंवा डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा वाकडा झाला तरी बेरीज त्या वेड्यावाकड्या आकाराचीच होते. या चित्रांमध्ये रक्त पांढरे आणि स्नायू करडा दिसतो, त्यामुळे कड ओळखणे बहुतेक ठिकाणी सोपे असते. उजव्या कप्प्याला तर भूमितीचा कोणताच साधा आकार लागू पडत नाही. म्हणून लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या तरुण रुग्णांमध्ये उजव्या बाजूचे आकारमान मोजायला एमआरआयवरच भर दिला जातो.

पण एमआरआयमध्ये दिसणारा धडधडत्या हृदयाचा चलत्‌चित्रपट एका ठोक्याचा नसतो, हे रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. ईसीजीच्या आधाराने यंत्र आठ-दहा ठोक्यांमधून थोडी थोडी माहिती गोळा करते आणि त्यातून एकच ठोका जुळवते. नाडी ७२ असेल तर एक ठोका सुमारे ८३३ मिलिसेकंदांचा असतो. त्याचे २५ भाग पाडले की प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंदांचे होते, आणि कप्पा सर्वांत लहान होण्याचा क्षण पकडायला तेवढे पुरते. या जुळणीला दोन गोष्टी लागतात. ठोके एकसारखे हवेत, आणि तेवढे दहा-बारा सेकंद छाती स्थिर हवी. नाडी अनियमित असेल, मध्येच जादा ठोके पडत असतील, तर वेगवेगळ्या लांबीचे ठोके एकात मिसळतात, कड धूसर होते आणि उरलेले रक्त प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. अशा वेळी वेगळ्या, जलद पद्धतीने चित्रे घ्यावी लागतात आणि अचूकता थोडी सोडावी लागते. आपल्या रिपोर्टमध्ये ‘प्रतिमांचा दर्जा चांगला, लय नियमित’ असे वाक्य आहे. ते वाक्य औपचारिक वाटते, पण ३९ वर विश्वास ठेवण्यासाठी ते आवश्यक आहे.

श्वास रोखण्याबद्दल थोडे अधिक सांगते, कारण मुंबईत आमचे बरेचसे खराब स्कॅन इथेच होतात. प्रत्येक काप वेगळा श्वास रोखून घेतला जातो आणि दर वेळी छाती सारख्याच जागी थांबली नाही तर हृदय वरखाली सरकते. मग एक भाग दोनदा मोजला जातो आणि दुसरा सुटून जातो. म्हणून मी श्वास सोडून थांबायला सांगते, कारण सोडल्यानंतरची छातीची जागा दर वेळी जवळपास तीच असते. यंत्रातल्या ध्वनिमुद्रित सूचना मात्र इंग्रजीत किंवा घाईच्या हिंदीत असतात. रत्नागिरीकडच्या एका आजींनी ‘सांस रोको’ ऐकून प्रत्येक वेळी आधी छातीभर श्वास घेतला होता आणि मग रोखला होता. त्यांचे काप एकमेकांशी जुळेनात. मी त्यांना बाहेर घेतले, खुर्चीवर बसवून ‘आजी, श्वास घ्या, आता पूर्ण सोडा, आणि तसंच थांबा’ असे चार वेळा करून घेतले आणि पुढचा सगळा स्कॅन माइकवरून मराठीत बोलत केला. दुसऱ्या वेळची चित्रे उत्तम आली. लोकलच्या गर्दीतून, दादरचा पूल चढून आलेल्या माणसाला मी थेट टेबलावर झोपवत नाही. अर्धा तास बसू देते, पाणी देते, नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवते. रक्तदाब चढलेला असेल तर हृदयाला अधिक विरोधाविरुद्ध रक्त ढकलावे लागते आणि त्या दिवसाचे पंपिंग थोडे कमी येऊ शकते.

हे सगळे जमले तरी चुकीची सर्वांत मोठी जागा उरतेच, ती म्हणजे झडपेजवळचा पहिला काप. आकुंचनाच्या वेळी डाव्या कप्प्याचे झडपेकडचे तोंड टोकाच्या दिशेने सरकते. निरोगी हृदयात हे सरकणे एक ते दीड सेंटीमीटरचे असते. चित्राचा काप मात्र जागचा हलत नाही. म्हणजे भरलेल्या अवस्थेत ज्या कापात डावा खालचा कप्पा दिसतो, त्याच कापात आकुंचनाच्या शेवटी वरचा कप्पा आलेला असू शकतो. तो कोणाचा आहे हे ओळखण्यात गल्लत झाली तर काय होते ते आपल्याच आकड्यांवर पाहू. आकुंचनाच्या शेवटी वरच्या कप्प्याचे १५ मिली रक्त चुकून खालच्या कप्प्यात धरले, तर उरलेले रक्त १२० ऐवजी १३५ होईल, बाहेर फेकलेले ६१ होईल, आणि पंपिंग ३९ ऐवजी ३१ येईल. हृदय तेच, चित्रे तीच, फक्त एका कापातली एक रेघ वेगळी. आणि रुग्ण ३५ च्या पलीकडून अलीकडे येतो.

ही चूक माझ्या हातून झालेली आहे. कामाच्या पहिल्या काही वर्षांत एका रुग्णाच्या दुसऱ्या स्कॅनमध्ये पंपिंग सात अंकांनी घसरल्याचा रिपोर्ट मी दिला. घरचे घाबरून गेले. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी मला फोन करून शांतपणे विचारले की हा माणूस आता तीन मजले न थांबता चढतो, मग असे कसे. मी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी उघडले तेव्हा दिसले की दुसऱ्या वेळी झडपेजवळचा एक काप मी जास्तीचा घेतला होता. दुरुस्त रिपोर्ट त्याच संध्याकाळी दिला, पण त्या कुटुंबाने काळजीत काढलेले चार दिवस मला परत देता आले नाहीत. तेव्हापासून मी उभ्या छेदाच्या चित्रावर झडपेची जागा दोन्ही अवस्थांत खुणेने पक्की केल्याशिवाय आडव्या कापाला हात लावत नाही. आजची सॉफ्टवेअर काही सेकंदांत सगळ्या कडा आपोआप आखतात आणि मधल्या कापांत ती फार चांगले काम करतात. झडपेजवळचे आणि टोकाचे काप मात्र मी अजूनही स्वतः पाहते.

यावर एक स्वतंत्र पडताळणीही उपलब्ध आहे, आणि एमआरआयवरच्या माझ्या विश्वासाचे ते मोठे कारण आहे. महाधमनीतून वाहणारे रक्त याच यंत्रावर वेगळ्या तत्त्वाने मोजता येते. चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या रक्ताच्या संकेतात वेगाच्या प्रमाणात बदल होतो. महाधमनीच्या छेदातल्या प्रत्येक बिंदूचा वेग आणि छेदाचे क्षेत्रफळ यांवरून ठोक्याला किती मिली रक्त पुढे गेले ते कळते. यासाठी झडपेजवळची ती वादग्रस्त रेघ आखावीच लागत नाही. आपल्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर महाधमनीतला निव्वळ पुढचा प्रवाह ७० मिली दिला आहे. कापांच्या बेरजेवरून कप्पा ७६ मिली फेकतो आणि महाधमनीत ७० मिली जाते. उरलेले ६ मिली मायट्रल झडपेतून किंचित मागे गळत असेल किंवा ती मोजमापातली सूट असेल. दोन्ही आकडे जुळतात. मघाच्या उदाहरणातला ६१ खरा असता तर कप्प्यातून ६१ मिली निघून महाधमनीत ७० मिली पोहोचले असा अशक्य हिशेब झाला असता. म्हणून, कागदावरून जेवढे सांगता येते तेवढ्यात, आपला ३९ मला भरवशाचा वाटतो.

भरवशाचा म्हणजे किती, हेही सांगितले पाहिजे. त्याच माणसाचा स्कॅन दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर झाला आणि मीच मोजला, तर ३७ किंवा ४१ आले तरी मला आश्चर्य वाटणार नाही. तीन-चार अंकांच्या आतल्या फरकाला मी बदल म्हणत नाही. कप्प्याच्या आत जे पॅपिलरी स्नायू असतात ते रक्तात मोजायचे की स्नायूत, याचेही दोन रिवाज आहेत. ते १० मिली धरले आणि रक्तातून वगळले तर आपले १९६ आणि १२० हे १८६ आणि ११० होतात आणि पंपिंग ३९ चे ४१ होते. दोन्ही रिवाज मान्य आहेत, पण पहिला स्कॅन एका रिवाजाने आणि दुसरा दुसऱ्याने मोजला तर काहीच न घडता दोन अंकांची सुधारणा दिसते. कर्करोगाच्या औषधांमुळे हृदयावर परिणाम होतो का हे पाहण्यासाठी ज्या स्त्रिया माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्या बाबतीत मी याबद्दल फार काटेकोर असते, कारण तिथे दहा अंकांच्या घसरणीवर चालू उपचार थांबवण्याचा विचार होतो.

आता ३५ या रेषेबद्दल. धोकादायक लयीतून मृत्यू टाळण्यासाठी आयसीडी बसवण्याचा आधार ज्या मोठ्या चाचण्यांवर उभा आहे, त्यांतल्या २००२ च्या मॅडिट-२ मध्ये पंपिंग ३० किंवा कमी असलेले, आणि २००५ च्या एससीडी-हेफ्टमध्ये ३५ किंवा कमी असलेले रुग्ण घेतले होते. त्या काळी ते पंपिंग मुख्यतः एको, अँजिओग्राफी आणि न्यूक्लिअर तपासणीने मोजलेले होते. म्हणजे ३५ हा आकडा निसर्गाने हृदयावर कोरलेली खूण नव्हे. त्या चाचण्यांनी प्रवेशासाठी आखलेली ती रेषा आहे. एमआरआयचे ३६ आणि ३४ यांत रुग्णाच्या धोक्यात काही मोठा फरक असतो असे मी मानत नाही. वेळही महत्त्वाची असते: झटक्यानंतर निदान ४० दिवस आणि स्टेंटनंतर साधारण तीन महिने पूर्ण मात्रेत औषधे देऊन मग पुन्हा मोजावे, असा संकेत आहे. २००४ च्या डायनामिट चाचणीत झटक्यानंतर पहिल्या ४० दिवसांत बसवलेल्या आयसीडीने एकूण मृत्यू कमी झाले नव्हते. वडील आता पाचव्या महिन्यात आहेत, त्यामुळे मोजण्याची वेळ योग्य आहे. औषधे पूर्ण मात्रेपर्यंत वाढवली गेली आहेत का, चालताना दम लागतो का, चक्कर आली होती का, होल्टरमध्ये (दिवसभर चालणाऱ्या ईसीजीत) काय दिसले, यांची उत्तरे आपल्या पत्रात नाहीत. निर्णय ३९ इतकाच त्यांवरही अवलंबून आहे, आणि ती उत्तरे वेगळी असतील तर डॉक्टरांचा सल्लाही वेगळा असेल.

आपण पूर्ण पत्र पंपिंगवर लिहिले आहे, पण त्याच रिपोर्टच्या शेवटच्या परिच्छेदाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. गॅडोलिनियम या चित्रात उठून दिसणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देऊन दहा-पंधरा मिनिटांनी जी चित्रे घेतात, त्यांत मेलेल्या स्नायूच्या जागी तयार झालेला व्रण पांढरा चमकतो, कारण तिथे पेशींच्या मधली जागा वाढलेली असते आणि औषध तिथून हळू निघते. वडिलांच्या रिपोर्टमध्ये टोकाकडच्या भागात भिंतीच्या तीन चतुर्थांश जाडीपेक्षा जास्त व्रण, पण पुढच्या भिंतीच्या मधल्या भागात तो एक चतुर्थांशापेक्षा कमी, असे लिहिले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अमेरिकी अभ्यासाने दाखवले की रक्तपुरवठा पूर्ववत केल्यानंतर ज्या भागात व्रण निम्म्या जाडीपेक्षा जास्त आहे तिथे हालचाल परत येण्याची शक्यता फार कमी असते, आणि व्रण पातळ असेल तिथे ती चांगली असते. म्हणजे मधल्या भागाकडून अजून थोडी सुधारणा होण्याची आशा धरायला जागा आहे, टोकाकडून फारशी नाही. पंपिंगचा एकटा आकडा हे सांगू शकत नव्हता. याच चित्रांत टोकाशी रक्ताची गुठळी नाही, असेही लिहिले आहे. पुढच्या भिंतीच्या झटक्यानंतर टोकाशी गुठळी होण्याचा धोका असतो आणि एकोमध्ये ती निसटू शकते. माझ्या दृष्टीने आपल्या रिपोर्टमधले ते सर्वांत सुखद वाक्य आहे.

सुरक्षिततेबद्दल आपण शेवटी विचारले आहे. आजचे स्टेंट एमआरआयला आड येत नाहीत, बसवल्यानंतर लगेचही नाहीत. मूत्रपिंडाचे काम फार कमी असेल, म्हणजे रक्त गाळण्याची त्यांची क्षमता दाखवणारा ईजीएफआर ३० च्या खाली असेल, तर गॅडोलिनियमबाबत सावधगिरी लागते आणि योग्य प्रकारचे औषध निवडावे लागते. आकारमाने आणि पंपिंग मोजायला इंजेक्शनची गरजच नसते. यंत्राच्या खोलीत धातूची वस्तू नेऊ नये हा नियम कृपया नातेवाइकांनीही पाळावा. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतच एका रुग्णासोबत आलेला तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि चुंबकाने ओढला जाऊन त्याचा मृत्यू झाला. ते चुंबक दिवसरात्र चालूच असते. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: पुढे कधी आयसीडी बसवायचे ठरले आणि त्याआधी पुन्हा एमआरआय हवा असेल तर तो आधीच करून घ्यावा. एमआरआय चालणारी उपकरणे आता मिळतात, पण डाव्या छातीतल्या उपकरणाची सावली नेमकी पुढच्या भिंतीवर पडते आणि जे पाहायचे तेच झाकले जाते.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: औषधांची मात्रा अजून वाढवता येईल का, व्रणाचा विस्तार पाहता आयसीडीबद्दल त्यांचे मत काय, आणि पुन्हा कधी मोजायचे. मधल्या काळात एको करायचा झाल्यास तो एकाच ठिकाणी, शक्यतो दोन चित्रांतून कड आखण्याच्या पद्धतीने करून घ्या आणि त्याची तुलना आधीच्या एकोशीच करा. आताच्या स्कॅनची सीडी नीट जपून ठेवा, नुसता कागद नव्हे. पुढचा एमआरआय होईल तेव्हा ती सोबत न्या आणि दोन्ही स्कॅन एकाच डॉक्टरांनी शेजारी उघडून, झडपेजवळचा काप दोन्हीकडे सारखाच धरून पुन्हा मोजावेत, अशी विनंती आधीच करून ठेवा. ही विनंती कोणी केली तर मला कधीच वावगी वाटत नाही.